फिनिश लाइनच्या टेबलावरून: घड्याळ कुणाच्या हातात?

मागच्या महिन्यात एका वाचकाने डर्ट रेसच्या (मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यतीच्या) बक्षीस समारंभात झालेल्या मारामारीबद्दल लिहिलं होतं. मी दोन ओळींत उत्तर देऊन पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्यानंतर जी पत्रं आली ती वाचून मला माझी चूक कळली. त्या दोन ओळी पुरेशा नव्हत्या. म्हणून या वेळी टायर, कार्ब्युरेटर, लायसन्स असे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. ही पानं क्लबांसाठी.

नव्या वाचकांना एवढंच सांगते: मी नाशिकच्या एका शाळेत २९ वर्षं गणित शिकवलं आणि रविवारी, सुट्टीत मोटार शर्यतींत घड्याळ धरलं. आधी टाइमकीपर, पुढे काही वर्षं क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे रेस चालवणारी, आणि शेवटी स्टुअर्ड, म्हणजे न्याय करणारी. पत्रं थोडी कापली आहेत, गावांची नावं लेखकांच्या सांगण्यावरून गाळली आहेत.

ताई, सा. न. वि. वि. आमच्या तालुक्यात दिवाळीनंतर डर्ट ट्रॅकची रेस होते. क्लबचे अध्यक्ष तेच दरवर्षी क्लार्क ऑफ द कोर्स असतात. यंदा त्यांचा पुतण्या लोकल क्लासच्या फायनलला होता. झेंडा पडायच्या आत तो सुटला. स्टार्टवरच्या मार्शलने (ट्रॅकवर नजर ठेवणाऱ्या पंचाने) ते पाहिलं आणि वहीत लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, 'बघू नंतर.' रिझल्ट कुठे लावलाच नाही, तो थेट स्टेजवरून जाहीर झाला. पुतण्या पहिला. दुसऱ्या नंबरच्या पोराच्या माणसांनी खुर्च्या फेकल्या. आता निम्मे सभासद वेगळा क्लब काढायला निघालेत. मी कोणत्याच गटात नाही. नेमकं कुठे चुकलं? (सहसचिव, सांगली जिल्हा)

चूक फायनलच्या पुष्कळ आधीची आहे. एंट्रीच्या यादीत पुतण्याचं नाव आलं, त्याच दिवशी क्लार्क ऑफ द कोर्सच्या रकान्यातलं काकांचं नाव खोडायला हवं होतं. अध्यक्षांना मी अप्रामाणिक म्हणत नाही. त्यांना ओळखतही नाही. पण त्या जागेवर बसून त्यांनी पुतण्याला दंड केला असता तर 'दाखवण्यापुरता केला' म्हणाले असते, आणि सोडला तर काय झालं ते तुम्ही पाहिलंच.

हे मी स्वतःवर बेतलेल्या गोष्टीवरून सांगते. नव्वदच्या दशकात नाशिकबाहेर एका माळावर ऑटोक्रॉस होती, म्हणजे एकेक गाडी सोडून तिची वेळ मोजायची स्पर्धा. तेव्हा आपोआप वेळ घेणारे प्रकाशाचे बीम नव्हते, अंगठा आणि स्टॉपवॉच. दोन टाइमकीपर, दोन घड्याळं. त्या दिवशी माझा धाकटा दीर उतरला होता आणि एक घड्याळ माझ्या हातात होतं. त्याच्या फेरीला माझ्या घड्याळात आणि दुसऱ्या बाईंच्या घड्याळात चार दशांश सेकंदांचा फरक आला. हाताने वेळ घेताना एवढा फरक पडतो, त्यात नवल नाही. पण दोन घड्याळांत फरक आला तर कोणतं धरायचं, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी मुख्य टाइमकीपर म्हणून माझं धरलं. दीर दोन दशांशांनी जिंकला. मी त्या दिवशी खरं तेच लिहिलं, आजही शपथेवर सांगेन. पण दुसऱ्या नंबरवर गेलेल्या मुलाच्या आईने मला मंडपात येऊन एवढंच विचारलं, 'बाई, तुमच्या घड्याळावर आम्ही विश्वास का ठेवायचा?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या घराने आमच्याशी सहा वर्षं बोलणं टाकलं होतं. तेव्हापासून यादीत घरचं, सोयऱ्यातलं, शिकवलेलंसुद्धा कोणी असलं की मी घड्याळ दुसऱ्याच्या हाती देते आणि उठून जाते.

आता नियमाचं. आपल्याकडे क्लार्क ऑफ द कोर्स आणि स्टुअर्ड यांची सर्रास सरमिसळ होते. क्लार्क ऑफ द कोर्स रेस चालवतो. ट्रॅक, मार्शल, अँब्युलन्स, हीट (फायनलआधीच्या फेऱ्या) वेळेवर सुटणं हे सगळं त्याच्या अंगावर. स्टुअर्ड काहीच चालवत नाही, तो फक्त न्याय करतो. एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) आंतरराष्ट्रीय नियमावलीत स्टुअर्डाकडे आयोजनाचं कोणतंही काम असू नये असं स्पष्ट लिहिलंय. तुमच्या रेसला स्टुअर्ड होते का? पत्रावरून वाटतं, नव्हते. असतील तर अध्यक्षांचे मित्रच. शेजारच्या जिल्ह्यातल्या क्लबला पत्र लिहा: तुमची रेस असेल तेव्हा आमचे दोघं येतील, आमची असेल तेव्हा तुमचे. जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण, एवढाच बोजा.

दुसरी गोष्ट स्टार्टच्या मार्शलची. स्टार्टवर नेमलेला पंच हा 'जज ऑफ फॅक्ट' असतो. चाक हललं की नाही, एवढंच त्याने बघायचं, आणि त्याने पाहिलं ते अंतिम. त्यावर प्रोटेस्टसुद्धा, म्हणजे स्पर्धकाची लेखी तक्रारही, चालत नाही. तुमच्या मार्शलने वहीत लिहिलं तिथेच निकाल झाला होता. 'बघू नंतर' म्हणायचा अधिकार अध्यक्षांना नव्हता.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि गणिताची बाई म्हणून मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, रिझल्ट लिहून बोर्डावर लावायचा, खाली लावल्याची वेळ टाकायची. एफआयएच्या नियमावलीप्रमाणे निकालाविरुद्ध प्रोटेस्टला तिथून ३० मिनिटं मिळतात. मी दुचाकीच्या रेसलाही सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समध्ये (त्या रेसपुरत्या छापील नियमांत) हीच ३० मिनिटं लिहायला लावते. तुम्ही बोर्डावर काही लावलंच नाही, म्हणजे त्या पोराला तक्रार करायची वेळच दिली नाही. मग खुर्च्या उडाल्या. खुर्ची फेकणाऱ्याचं मी समर्थन करणार नाही, पण त्याच्या हातात कागद द्यायचं काम आपलं होतं.

उशिराच्या आणि मोघम निकालाने काय होतं, हे मोठ्यांच्या घरीही दिसलेलं आहे. १२ जुलै १९९८ ला सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला वन रेसमध्ये मायकेल शूमाकरने सेफ्टी कार असताना, म्हणजे धोक्यामुळे सगळ्यांना एका गाडीमागे हळू चालवत असताना, एका गाडीला मागे टाकलं. दंड २५ मिनिटांत कळवायला हवा होता, तो ३१ मिनिटांनी पोचला. तोही हाताने लिहिलेला, आणि दहा सेकंद थांबायचं की शेवटी वेळेत मिळवायचे हे त्यातून नीट कळेना. शूमाकर शेवटच्या फेरीत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या गल्लीत, शिरला, फिनिश लाइन त्याने पिट लेनमध्येच ओलांडली आणि दंड भोगायच्या आत रेस जिंकला. पुढे दंडच रद्द झाला. तिघा स्टुअर्डांनी आपली लायसन्सं परत केली. त्यांतले एक आपल्या मुंबईचे नाझिर हुसेन, हिमालयन रॅली उभी करणारे. एवढा अनुभवी माणूस. त्याच्यावरही घड्याळ आणि एक चिठ्ठी उलटली, तर आपण तालुक्याच्या रेसला जास्तच जपायला हवं.

आता करायचं ते असं. अध्यक्षांना एकट्याने भेटा, चारचौघांत नको. मार्शलची वही दाखवा. बाहेरच्या तीन माणसांसमोर दोन्ही मुलांना बोलवून लेखी निर्णय घ्या, आणि निर्णय फिरला तर चषक पुतण्याच्या हातून दुसऱ्या मुलाकडे जाऊ द्या. काकांनी तेव्हा शेजारी उभं राहावं. नवा क्लब काढायला निघालेली माणसं त्यानंतर काय म्हणतात, ते मला जरूर कळवा.

प्रोटेस्ट करायला पैसे का भरायचे? न्याय मागायची फी असते का? (एक रायडर, अहिल्यानगर)

असते, आणि मी त्या फीच्या बाजूने आहे. प्रोटेस्ट खरा ठरला तर पैसे परत मिळतात. फी नसेल तर हरलेला प्रत्येक जण जिंकलेल्याचं इंजिन उघडायला लावेल.

एक उदाहरण घ्या. १०० सीसीच्या क्लासमध्ये जुनी यामाहा आरएक्स १०० उतरते. तिचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५०. बोअरचा वर्ग गुणिले पाय भागिले चार, गुणिले स्ट्रोक: साधारण ९८ सीसी येतात. कोणी बोअर ५२ चा करून घेतला तर तेच गणित १०६ वर जातं. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच. खात्री करायची तर हेड उतरवायचं, व्हर्नियरने मोजायचं, नवं गॅस्केट घालायचं, आणि ते सगळं त्या रायडरच्या मेकॅनिकसमोर. गाडी निर्दोष निघाली तर तो खर्च आणि त्या पोराची वाया गेलेली संध्याकाळ कुणी भरून द्यायची?

मात्र फी किती, ती कुणाकडे भरायची, पावती कोण देणार, हे एंट्री फॉर्मवरच छापलेलं असावं. आणि प्रोटेस्ट लेखीच द्यायचा, एकट्याने आपल्या नावावर. पन्नास सह्यांचं निवेदन हा प्रोटेस्ट नव्हे, ते चालत नाही.

ताई, मी २१ वर्षांची, कॉलेजात आहे. दोन वर्षं मार्शल म्हणून जाते. मागच्या रेसला मी पिवळा झेंडा दाखवत असताना एका रायडरने ओव्हरटेक केलं. मी रिपोर्ट दिला. त्याच्याबरोबरची चार-पाच माणसं माझ्या पोस्टवर आली आणि नको ते बोलली. क्लबचे पदाधिकारी म्हणाले, 'जाऊ दे, त्यांच्याकडून बॅनरचे पैसे येतात.' सकाळी सहापासून उन्हात उभं राहायचं, दुपारी वडापाव. पुन्हा जावं का? (कोल्हापूर)

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी हे सांगते की तू बरोबर केलंस. पिवळा झेंडा कुणीतरी पुढे पडलंय म्हणून असतो. तिथे ओव्हरटेक करणाऱ्याचं चाक त्या पडलेल्या पोराच्या हातावरून जाऊ शकतं. तुझा रिपोर्ट दाबणाऱ्याने त्या पडलेल्या मुलाला वाऱ्यावर सोडलं.

पुन्हा जावं का? या क्लबच्या रेसला, आत्ता, अशा परिस्थितीत नको. त्यांना लिहून कळव की काही गोष्टी झाल्या तर येईन. कोणत्याही पोस्टवर एकटं माणूस नको, दोघं हवीत, आणि त्यातलं एक तरी जुनं. पोस्टजवळ प्रेक्षक आणि रायडरची माणसं येणार नाहीत अशी दोरी बांधलेली हवी. वॉकीटॉकी हवा, कारण मोबाइलला माळावर रेंज नसते. दर दोन तासांनी बदली. आणि पाहुण्यांच्या मंडपात जे ताट जातं, तेच ताट त्याच वेळी पोस्टवर. वडापाववर मी स्वतः अनेक रेसा काढल्या, तेव्हा तेच चालायचं. आता चालू देऊ नये. एप्रिलच्या उन्हात भुकेल्या माणसाचा झेंडा एक सेकंद उशिरा उठतो, आणि तो एक सेकंद फार असतो.

आणखी एक, जे तुझ्या पदाधिकाऱ्यांना ठाऊक दिसत नाही. एफआयएच्या नियमावलीप्रमाणे एंट्री भरणारा स्पर्धक आपल्या माणसांच्या वागण्यालाही जबाबदार असतो. मेकॅनिक मार्शलवर धावून गेला तर दंड स्पर्धकाला होऊ शकतो. मी स्टुअर्ड असताना एका चांगल्या ड्रायव्हरला याच कारणावरून बाद केलं होतं. त्याच्या मोठ्या भावाने स्कोअररच्या हातातला कागद फाडला होता. ड्रायव्हर रडला, मलाही वाईट वाटलं, त्याचा वैयक्तिक दोष काहीच नव्हता. पण पुढच्या वर्षी तो भाऊ दोरीच्या बाहेर हात बांधून उभा होता.

रिपोर्ट लिहिताना वेळ, रायडरचा नंबर, फेरी आणि तू कुठे उभी होतीस, एवढं लिही. 'मुद्दाम केलं' वगैरे लिहू नकोस, ते ठरवणं तुझं काम नाही. एक प्रत स्वतःकडे ठेव. बोललेल्या घाणेरड्या शब्दांचा वेगळा कागद कर आणि तो क्लबला नव्हे, स्टुअर्डांना दे. हात लावला असेल किंवा धमकी असेल तर पोलिसांत जा, आणि क्लबच्या परवानगीची वाट बघू नकोस.

मागे तुम्ही 'मार्शल मिळत नाहीत' असं लिहिलं होतं. मी मिशिगनमध्ये नोकरीला आहे, इथे एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या) ऑटोक्रॉसला जातो. इथे ज्याने गाडी चालवायची त्याने दुसऱ्या हीटला ट्रॅकवर कामही करायचं, पडलेले कोन (मार्ग आखणारे प्लास्टिकचे शंकू) उभे करायचे. प्रत्येक कोनला दोन सेकंद दंड, आणि तो मोजणारा स्वतः थोड्या वेळापूर्वी त्याच कोनावर आपटलेला असतो. आपल्याकडे हे जमेल का? (मूळचा ठाण्याचा वाचक)

ऑटोक्रॉसला नक्की जमेल. एका वेळी एकच गाडी सुटते, वेग आवाक्यातला असतो. पुण्या-मुंबईत पार्किंगच्या मैदानावर होणाऱ्या क्लब स्पर्धांनी येत्या मोसमात हे करून बघावं असं मी मनापासून सुचवते. ज्याने एकदा उन्हात कोन उचलले, तो पंचाला शिवी देताना अडखळतो. डर्ट ट्रॅकला मात्र नको. तिथे वीस-वीस बाइक एकदम सुटतात, धूळ उडते, आणि नुकताच हेल्मेट काढलेला दमलेला रायडर चांगला मार्शल होत नाही.

आमच्या क्लबच्या दोन कार्यकारिणी आहेत. दोन सभा झाल्या, दोन निवडणुका झाल्या, दोघांनीही धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल केला. बँकेने खातं थांबवलं. शिक्के दोन, लेटरहेडं दोन. हिवाळ्यातली रेस दोघंही जाहीर करायच्या तयारीत आहेत. मी एका बाजूचा खजिनदार आहे, पण आता झोप लागत नाही. (पुणे)

तुमचं पत्र या गठ्ठ्यात सर्वांत गंभीर आहे, म्हणून आधी तातडीचं सांगते. दोघांपैकी कुणीही त्या नावाने रेस घेऊ नका. उद्या एखादी गाडी दोरी तोडून लोकांत गेली तर आयोजक कोण, या प्रश्नाला आज उत्तर नाही. विमा कंपनी तोच प्रश्न विचारेल, पोलिस तोच विचारतील, आणि हॉस्पिटलच्या दारात बसलेला बापही तोच विचारेल. रेस घ्यायचीच असेल तर एफएमएससीआयशी (देशातल्या मोटर स्पोर्ट क्लबांच्या महासंघाशी) संलग्न असलेल्या तिसऱ्या क्लबला आयोजक होऊ द्या. तुमचे दोन्ही गट त्यांच्या हाताखाली काम करा. ट्रॅक तोच, माणसं तीच, सही त्यांची.

आता मुळाचं. महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंदवावी लागते. पदाधिकारी बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. दोन गटांनी दोन दिले की चौकशी सुरू होते, हरकती, साक्षी, तारखा. मी वकील नाही, तुम्ही न्यास कायद्यातला वकील गाठाच. पण अशा तीन भांडणांत मी बाहेरची माणूस म्हणून बसले आहे, आणि तिन्ही वेळा सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं: मतदानाच्या दिवशी सभासद कोण होते? नावं रजिस्टरात होती, पण वर्गणीच्या पावत्या नव्हत्या. किंवा पावत्या होत्या आणि नावं शेवटच्या आठवड्यात, एकाच शाईने, चाळीसच्या चाळीस चढवलेली होती.

इथे तुमचं पद कामी येतं, खजिनदार. पावतीपुस्तकांची स्थळप्रत तुमच्याकडे असणार. ती घेऊन समोरच्या खजिनदाराला भेटा. अध्यक्षांना सध्या लांब ठेवा, दोन अध्यक्ष एका खोलीत आले की जुने चषक निघतात. तुम्ही दोघांनी मिळून भांडण सुरू होण्याआधीच्या शेवटच्या आर्थिक वर्षात ज्यांची वर्गणी बँकेत जमा झाली, तेवढ्याच नावांची यादी करा. ती दोघांनी सही करून मान्य केली की घटनेप्रमाणे मुदतीची नोटीस काढून, त्या यादीवर, बाहेरच्या निरीक्षकासमोर एकच निवडणूक घ्या. त्याआधी दोन्ही गटांनी आपापले चेंज रिपोर्ट सहमतीने मागे कसे घ्यायचे, हे वकिलाकडून लिहून घ्या. तुमच्या बाजूला हे कबूल करणं जड जाईल, कारण अशा ऐनवेळी चढवलेल्या नावांपैकी काही तुमच्या गटाचीही असतील. ती सोडा.

फाटाफूट किती महाग पडते हे अमेरिकेच्या इंडिकार रेसिंगने बघितलं. १९९६ मध्ये दोन मालिका झाल्या, दोघांनाही आपलीच खरी वाटत होती. २००८ मध्ये पुन्हा एक झाल्या. मधल्या बारा वर्षांत बरेच प्रेक्षक आणि प्रायोजक निघून गेले होते. त्यांच्याकडे पैसा होता म्हणून ते बारा वर्षं तगले. तुमच्या क्लबकडे एक जनरेटर, दोनशे टायर आणि एक गोठवलेलं खातं आहे.

आमच्या शहरात आम्ही पोरांनी नवा क्लब काढला. रेसची परवानगी मागायला गेलो की अधिकारी म्हणतात, जुन्या क्लबचं ना हरकत पत्र आणा. जुना क्लब स्वतःच रेसा घेतो, तो आम्हाला कशाला पत्र देईल? (विदर्भ)

हाच प्रश्न ग्रीसमधून युरोपच्या न्यायालयात गेला होता. तिथे मोटरसायकल रेसला सरकारी परवानगी हवी तर एका संस्थेची संमती लागायची, आणि ती संस्था स्वतःही रेसा भरवायची. दुसऱ्या संघटनेने, मोटोए तिचं नाव, २००० साली परवानगी मागितली, ती मिळाली नाही. १ जुलै २००८ ला न्यायालयाने म्हटलं की स्पर्धा भरवणाऱ्यालाच प्रतिस्पर्ध्याला रोखायचा अधिकार, तोही कोणत्याही मर्यादेशिवाय आणि फेरविचाराशिवाय, देता येणार नाही. हा निकाल आपल्याकडे लागू नाही. पण त्यातली साधी गोष्ट अर्जात मांडायला हरकत नाही.

प्रत्यक्षात असं करा. अधिकाऱ्यांना विचारा की ना हरकत पत्राची अट कोणत्या नियमात आहे, ते लेखी द्या. एफएमएससीआयकडे संलग्नतेसाठी तुमचा स्वतःचा अर्ज करा. आणि परवानगी लांबली म्हणून रस्त्यावर रेस लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणं हा गुन्हा आहे, आणि त्यात एकदा नाव आलं की जुन्या क्लबला तुमच्याविरुद्ध वेगळं काही बोलायची गरज उरणार नाही. तोवर त्यांच्या रेसला मार्शल म्हणून जा. आवडणार नाही, ठाऊक आहे. पण पोस्टवर उभं राहून जे शिकाल ते तुम्हाला तुमच्या पहिल्या रेसला लागणारच आहे.

मी ६८ वर्षांचा आहे. क्लब मी काढला, २२ वर्षं अध्यक्ष आहे. दरवर्षी सोडतो म्हणतो, पण कुणी पुढेच येत नाही. तरुण नुसतं मागे बोलतात. सोडलं तर क्लब बुडेल अशी भीती वाटते. (सातारा)

सर, तुमचं पत्र वाचताना माझ्या यजमानांची आठवण झाली. तेही असेच होते. ट्रॅक आखायला पहाटे चारला चुन्याची पोती घेऊन जायचे आणि रात्री शेवटचा खांब उपटून परत यायचे. त्यांच्यानंतर आमच्या लक्षात आलं की शेतमालकाशी भाड्याचं काय ठरलंय, अँब्युलन्सवाला कोण, पाण्याचा टँकर कुठून येतो, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळं त्यांच्या डोक्यात. तरुण पुढे येत नाहीत म्हणून आम्ही त्यांना नावं ठेवत होतो, पण पुढे येऊन त्यांनी धरायचं काय? त्या वर्षी रेस झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

म्हणून आधी वही करा. शंभर पानी साधी वही. शेतमालकाचं नाव, ठरलेली रक्कम, त्याच्या बांधाला धक्का लागला तर काय द्यायचं कबूल केलंय ते. ट्रॅकचा हाताने काढलेला नकाशा, कुठल्या वळणावर पावसानंतर पाणी साचतं ते. जो मागे सर्वांत जास्त बोलतो, त्यालाच ती लिहायला बसवा. तुम्ही सांगा, तो लिहील. आठ-दहा संध्याकाळी लागतील, आणि त्या संध्याकाळी तो काय काय विचारतो याकडे लक्ष द्या.

मग येत्या रेसला क्लार्क ऑफ द कोर्स त्याला करा, लेखी नेमणूक देऊन. तुम्ही मंडपात बसू नका, तिथे बसलात तर प्रत्येक जण तुमच्याकडेच बघेल. तुम्ही सर्वांत लांबच्या वळणावर मार्शल म्हणून उभे राहा, झेंडा हातात घेऊन, वॉकीटॉकीवर त्याचा हुकूम ऐकत. तो एखादी हीट उशिरा सोडेल. ब्रीफिंगमध्ये एखादा मुद्दा विसरेल. कुणाच्या जिवावर बेतत नसेल तर बोलू नका. संध्याकाळी रिझल्ट बोर्डावर लागला, ३० मिनिटं सरली, की मग त्याच्याजवळ जा आणि तुमची शिट्टी त्याच्या गळ्यात घाला. शिट्टी असेलच तुमच्याकडे, २२ वर्षांची. कुठल्या महिन्यात रेस आहे ते कळवा. तब्येतीने साथ दिली तर टाइमकीपरच्या टेबलावर बसायला मी येते.